दोन मोठ्या कुत्र्यांच्या घरात उपद्व्यापी पिल्लू: १६ आठवड्यांच्या नोंदी

घर: पुण्यातलं रो हाउस. खाली हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, मागची खोली, आणि मागे दहा बाय बाराचं शहाबादी फरशीचं अंगण.

आधीचे दोघे: राणी, गावठी, वय १० वर्षं, वजन १७ किलो, मागच्या पायांचे सांधे दुखतात. मोती, लॅब्रॅडॉर, वय ४, वजन ३१.४ किलो. दोघांची नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी दिलेल्या.

नवा: बंड्या, गावठी नर, बांधकामाच्या साइटवरून आणलेला. दातांवरून अंदाजे सात आठवड्यांचा, वजन २.६ किलो.

ज्यांच्याकडे आधीच कुत्री आहेत आणि आता पिल्लू यायचंय, त्यांना उपयोगी पडेल एवढंच इथे लिहिलंय. "मोठी कुत्री त्याला आपोआप शिकवतात" असं सगळे सांगतात. शिकवतात, पण काय शिकवतात ते पुढे येईलच.

२६ मे ते १ जून २०२४ : जाळीची दारं

पिल्लू यायच्या आधी दोन दारं बसवली. एक मागच्या खोलीला, ती पिल्लाची. दुसरं बेडरूमला, ती राणीची. ३६ इंच रुंद, ३२ इंच उंच, पाऊण इंची चौकोनी पाइपची चौकट, आत उभे बार. फॅब्रिकेटरने दोन दारांचे ५,२०० रुपये घेतले.

चूक पहिली: बारांमधलं अंतर तीन इंच सांगितलं. मोतीच्या मापाने ते ठीक होतं, पण सात आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं त्यातून आरामात जातं आणि परत येताना कानांवर अडकतं. दीड इंच सांगायला हवं होतं. आता पुन्हा वेल्डिंग करण्यापेक्षा खालच्या १८ इंचांना एक इंची वेल्ड मेश लावली. आधी प्लास्टिकच्या केबल टायनी बांधली, त्या पुढे चावून तुटल्या. मग जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने पिळून बांधली आणि तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवली. जाळी, तार, मजुरी मिळून ६५०.

चूक दुसरी: रंग उशिरा लावला. ऑइल पेंटचा वास जाईपर्यंत चार दिवस दार वापरता आलं नाही, कारण पिल्लू पहिल्यांदा तोंडच लावतं. रंगकाम आठवडाभर आधी उरकून घ्यावं.

कडी नेहमी बाहेरच्या बाजूला, वरून दाबून उघडणारी. नुसती आडवी कडी मोतीने नाकाने दोन दिवसांत उघडली.

२ जून : आगमन

घरी आणण्याआधी थेट डॉक्टरांकडे. शी तपासली, जंत निघाले, औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं. अंगावर पंधरा-वीस गोचिड्या. त्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढल्या. गोचिडीचं औषध वय आणि वजन पाहून डॉक्टर ठरवतात. मोतीचं औषध अर्धं करून पिल्लाला देऊ नये.

रस्त्यावरून आलेल्या पिल्लात पार्व्होचा (उलटी-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू दबा धरून असू शकतो, आणि तो मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून दहा दिवस मागची खोली बंद. भांडी वेगळी, कपडे वेगळे, अंगणातला कोपरा वेगळा, त्या खोलीच्या चपला वेगळ्या. फरशी आधी साबणाने धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाण तशीच असताना वरून ब्लीच ओतलं तर उपयोग होत नाही.

हे दहा दिवस वाया जात नाहीत. एकीकडे दाराच्या जाळीतून ओळख चालू राहते.

५ जून : रात्र आणि शू

मोतीचा जुना ४२ इंची पिंजरा वापरला. पहिल्या दोन रात्री पिल्लू एका टोकाला शू करून दुसऱ्या टोकाला झोपलं. जागा जास्त झाली होती. प्लायवूडची फळी घालून ती २४ इंचांवर आणल्यावर पिंजऱ्यातली शू थांबली. पिंजरा मागच्या खोलीतल्या पलंगाशेजारी, हात लावता येईल इतका जवळ. गजर रात्री ११, २ आणि ५ला.

दिवसा नियम सोपा: उठलं की बाहेर, खाल्लं की दहा मिनिटांत बाहेर, खेळ थांबला की बाहेर. पहिल्या आठवड्यात घरात ३१ वेळा झाली, त्यातल्या २० वेळा आपण वेळेवर उचललं नाही म्हणून.

पुसण्यात दोन घोटाळे झाले. पहिल्या दिवशी सवयीने फिनेल वापरलं. पिल्लू ओल्या फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं, म्हणून ते बंद. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं. आतल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर ते चाललं, पण अंगणातल्या शहाबादीवर पांढुरके डाग पडले. शहाबादी म्हणजे चुनखडी, आम्ल तिला खातं. शेवटी एन्झाइमचं क्लीनर आणलं, १० मिनिटं राहू द्यायचं आणि फडक्याने टिपायचं. शहाबादीच्या सांध्यांत शू मुरते, तिथे ब्रशने घासून घालावं लागतं.

महत्त्वाचं: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नाही, एकामागोमागही नाही. विषारी वायू होतो. ब्लीचआधी शू धुऊन काढायची तीही याच कारणाने.

१२ जून : समोरासमोर

१०ला पहिली लस झाली. दहा दिवसांत उलटी, पातळ शौच, ताप काही नाही. आज जाळी उघडली.

आधी मोती, कारण तो शांत आहे. मोतीच्या गळ्यात पट्टा, पण दोरी सैल. दोरी ताणली की कुत्रा पुढे झुकतो आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. खेळणी, हाडं, भांडी सगळी आधी उचलून ठेवली. पाच मिनिटं, मग वेगळे. दिवसातून चार वेळा.

राणीची भेट दुसऱ्या दिवशी, आणि दोघांची एकत्र भेट चौथ्या दिवशी. तिघांना एकदम एका खोलीत सोडायची घाई करू नये. दोन मोठी कुत्री एकत्र असली की पिल्लाशी एकेकटी असतानापेक्षा वेगळी वागतात.

१९ जून : संध्याकाळचा धिंगाणा

रोज सात ते आठच्या दरम्यान बंड्याच्या अंगात येतं. सोफ्याखालून पळणं, मोतीच्या कानाला लटकणं, माणसांच्या पोटऱ्या फोडणं. पहिला अंदाज होता की व्यायाम कमी पडतोय. म्हणून सहाला अर्धा तास जास्त खेळवलं. धिंगाणा उलट वाढून ५० मिनिटांवर गेला.

मग दोन दिवस झोपेची वही ठेवली. चोवीस तासांत झोप फक्त साडेबारा तास. या वयाला अठरा ते वीस हवी. कारण वहीतच दिसलं: मोती पाणी प्यायला उठला की हा उठतो, राणीने कूस बदलली की हा उठतो, बेल वाजली की तिघंही. एकट्या पिल्लाच्या घरात हा प्रश्न इतका येत नाही, इथे दिवसभर कोणी ना कोणी जागं असतंच.

उपाय: एक तास जाग, दोन तास झोप. पिंजरा मागच्या खोलीत, वर जुनी चादर, एक बाजू हवेसाठी उघडी, पंखा चालू. पंख्याच्या आवाजात मोतीची नखं ऐकू येत नाहीत. पहिल्या दिवशी रडणं २० मिनिटं, दुसऱ्या दिवशी १२, तिसऱ्या दिवशी ४. त्या वेळात शेजारी बसून राहिलो, पण बोललो नाही. पिल्लू नुसतं कुरकुरत नसून घाबरून पिंजरा ओरबाडत असेल, तर मात्र दार बंद ठेवू नये, सवय आणखी हळू लावावी.

आठवड्याने संध्याकाळचा धिंगाणा दहा मिनिटांवर आला. चावणंही निम्म्याच्या खाली. या सोळा आठवड्यांत सर्वांत मोठा फरक एकाच गोष्टीने पडला असेल तर ती ही.

२७ जून : राणीची गुरगुर

ही नोंद सविस्तर, कारण चूक इथेच सर्वांत महागात पडू शकली असती.

राणी हॉलमध्ये गोणपाटावर पडलेली. बंड्या शेपटीकडून आला. क्रम असा होता: राणीची जीभ आत गेली, धापणं थांबलं. मान न हलवता डोळे त्याच्याकडे वळले, कोपऱ्यात पांढरं दिसलं. ओठ एकदा चाटला. मान दुसरीकडे वळवली. बंड्याने मागच्या पायावर उडी घेतली, नेमकी दुखऱ्या बाजूला. मग गुरगुर, लांब आणि खालच्या पट्टीतली.

आपण काय केलं? "राणी, गप!" असं ओरडलो. ती उठून लंगडत बेडरूममध्ये गेली. दुसऱ्या दिवशी तिने गुरगुर केलीच नाही, थेट हवेत दात आपटले. पिल्लाच्या नाकापासून दोन बोटांवर.

गुरगुर ही सूचना आहे. ती दाबली की पुढची पायरी लवकर येते. त्या दिवसापासून घरात नियम: गुरगुर ऐकू आली की राणीला एक शब्द नाही, उठून पिल्लाला उचलायचं. शक्यतो ओठ चाटला तेव्हाच.

राणीला मोकळीक दिली ती अशी: बेडरूमचं दार तिचं, बंड्याला तिथे प्रवेश नाही, कोणाच्याही कडेवरूनसुद्धा नाही. आपल्याला पिल्लू चावत नाही तोवर मोठ्या कुत्र्याला होणारा त्रास दिसत नाही, म्हणून हॉलमध्ये राणी असताना बंड्याला चार फुटी हलकी दोरी. ओढताना मानेला हिसका बसू नये म्हणून ती गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीभोवतीच्या हार्नेसला. दोरी सोडून लक्ष दुसरीकडे असेल तर पिल्लू पिंजऱ्यात.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी राणीच्या सांध्यांचं औषध बदललं. दहा दिवसांत तिची सहनशक्ती वाढली. म्हातारं कुत्रं पिल्लावर चिडतंय असं वाटलं तर आधी दुखणं तपासून घ्या. आणि माणसांची वेदनाशामक गोळी, पॅरासिटामॉलसकट, कुत्र्याला देऊ नका.

मोतीची अडचण उलट. तो काहीच बोलत नाही. बंड्या त्याच्या मानेची कातडी धरून लोंबकळतो आणि तो उभा. त्यामुळे बंड्या शिकतो की कुत्र्याला कितीही चावलं तरी चालतं. दर तीन-चार मिनिटांनी बंड्याला धरून मागे घ्यायचं आणि मोतीकडे पाहायचं. मोती स्वतःहून परत आला, पुढचे पाय टेकून ढुंगण वर केलं, तर खेळ पुढे चालू. अंग झटकून बाजूला गेला तर खेळ संपला. पंधरा-वीस दिवसांत निम्म्याहून जास्त वेळा मोती बाजूलाच जातो असं लक्षात आलं. तोपर्यंत आपल्याला ते खेळच वाटत होतं.

८ जुलै : भांडी

दुसरी लस. बंड्या १२ आठवड्यांचा, ५.३ किलो. मोती मात्र ३२.६. पाच आठवड्यांत १.२ किलो वाढ, आणि शौच पातळ.

कारण: पिल्लाचं खाणं दिवसातून चार वेळा, आणि त्यात चरबी आणि प्रथिनं जास्त. बंड्या थोडं टाकायचा, मोती साफ करायचा. तीन भांडी एका ओळीत ठेवणं हीच चूक. आता तीन जागा: राणी बेडरूममध्ये, मोती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, बंड्या पिंजऱ्यात. पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची, उरलं असेल तरी. कोरडं खाणं कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून. रोजचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून चार भाग, वाटीच्या अंदाजाने नाही.

भांडी उचलल्यावर तिघं एकमेकांची रिकामी भांडी चाटायला जातात. तिथेही खेकसाखेकसी होते, म्हणून भांडी आधी सिंकमध्ये आणि मग दारं उघडायची.

बंड्या तोंडात काही धरून पळाला की पाठलाग करायचा नाही. पाठलाग हा त्याला खेळ वाटतो, आणि मोती त्यात सामील होतो. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी न्यायचा, तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, तुकडा द्यायचा, आणि वस्तू धोक्याची नसेल तर परत द्यायची. परत मिळते हे कळलं की लपवून गिळणं बंद होतं. आधी एक मोजा गिळता गिळता राहिला.

१८ जुलै : वायरी, चपला, भेक

कुरतडण्यावर पहिला उपाय म्हणून सोफ्याच्या पायांना कडुनिंबाचं तेल लावलं. बंड्याने ते चाटलं, मोतीनेही चाटलं, आणि बंड्याला संध्याकाळी उलटी झाली. पुसून टाकलं. कारल्याचा रस एक दिवस चालला.

जे चाललं: वस्तूच हाताशी ठेवायच्या नाहीत. चपलांचं कपाट बंद. मिक्सर आणि फ्रिजच्या वायरींना फ्लेक्झिबल पाइप, भिंतीलगत केसिंग पट्टी, ३८० रुपये. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, त्याचं टेस्ट बटण दाबून चालतोय याची खात्री केली. चार्जर न वापरताना प्लगमधून काढून वर.

चावायला द्यायला: जुना सुती पंचा ओला करून गाठ मारून फ्रीझरमध्ये, अख्खं गार गाजर, छुर्पी (दुधाचं कडक चीज). शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. तीन कुत्री असतील तर चावायच्या वस्तू चार किंवा पाच असाव्यात, आणि एकमेकांना न दिसणाऱ्या जागी द्याव्यात.

कुंड्यांमधली सायकस आणि कण्हेर गच्चीत हलवली. दोन्ही झाडं कुत्र्यांना घातक आहेत. मनी प्लांट वर टांगला, त्याने तोंडाची आग होते.

पाऊस सुरू झाल्यापासून अंगणात रात्री भेक (विषारी कातडीचे बेडूक) येतात. बंड्याने एकाला तोंड लावलं, लगेच फेस, हिरड्या लाल, डोकं झटकणं. तोंड खाली धरून बाजूने नळाचं पाणी सोडलं, आत न जाता बाहेर वाहील असं, ओल्या फडक्याने हिरड्या पुसल्या, मग डॉक्टर. आता अंधार पडल्यावर अंगणात आधी टॉर्च फिरवायचा, मग कुत्री.

पावसात बंड्या ओल्या फरशीवर शू करायला तयार होईना. कोपऱ्यात चार बाय चारचा पत्रा टाकला, १,१००. तिथेच मातीची पाटी ठेवली. हे जूनच्या पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं, तीन आठवडे फुकट गेले.

११ ऑगस्ट : माणसाकडे येत नाही

२२ जुलैला रेबीजची लस, ५ ऑगस्टला तिसरी. महापालिकेच्या परवान्याला रेबीजचं प्रमाणपत्र लागतं, ते फाइलमध्ये ठेवलं.

आता बाहेर नेता येतं, आणि एक नवीन गोष्ट दिसली. "बंड्या, ये" म्हटलं तर तो आधी मोतीकडे बघतो. मोती आला तर हा येतो. मोती बेलवर भुंकतो, तर हा बेल ऐकायच्या आधीच भुंकतो. मोतीकडून शिकला ते हे. दाराशी भुंकणं, डस्टबिनचं झाकण नाकाने उचलणं, ओट्यावर पाय टाकणं. चांगलं एकच शिकला: शू अंगणात.

त्यामुळे फिरणं वेगळं. सकाळी सहाला राणी एकटी, १५ मिनिटं, तिच्या गतीने. साडेसहाला मोती. सातला बंड्या एकटा, दहा मिनिटं. एकत्र फिरणं आठवड्यात दोनदा. रोजचा पाऊण तास वाढला, त्याला पर्याय सापडला नाही. घरात रोज दोनदा पाच-पाच मिनिटं "ये"चा सराव, मोठी दोघं बंद दारामागे. आठ दिवसांनी मोतीला त्याच खोलीत, पण बांधून. पंधरा दिवसांनी मोकळा.

"ये" म्हणून बोलावून पिंजऱ्यात घालायचं नाही. एकदा केलं आणि चार दिवसांची मेहनत गेली.

२५ ऑगस्ट : दात आणि ढोल

दुधाचे दात पडायला लागले, पंच्यात दोन सापडले. अठ्ठावीस पडून बेचाळीस येणार, म्हणजे अजून दोन महिने कुरतडणं. हिरड्यांतून थोडं रक्त दिसतं, त्यात घाबरण्यासारखं नाही.

ढोलपथकांचा सराव रोज संध्याकाळी ऐकू येतो. मोती आवाजाला घाबरतो, आणि बंड्याने हेही त्याच्याकडून घेऊ नये म्हणून दोघांना वेगळं ठेवून सवय लावली. आधी मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, काही उपयोग झाला नाही, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज निघतच नाही. मोठ्या स्पीकरवर अगदी हळू, जेवणाच्या वेळी, दर दोन दिवसांनी थोडा वाढवत. बंड्याने खाणं थांबवलं की एक पायरी खाली.

७ सप्टेंबर : गणपती

मखराभोवती बेडरूमचं जाळीदार दार काढून लावलं, म्हणून राणी दहा दिवस वरच्या मजल्यावर. जिना चढवताना तिला उचलावं लागलं. तिसरं दार आधीच करून घ्यायला हवं होतं.

खिरापतीतले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, थोडेसुद्धा. पाहुण्यांच्या हातून प्रसाद जमिनीवर पडतो, म्हणून यंदा खिरापत बेदाण्यांशिवाय केली. आरतीच्या वेळी तिन्ही कुत्री वेगळ्या खोल्यांत, प्रत्येकाला चावायला एकेक वस्तू. ती आरतीच्या पाच मिनिटं आधीच द्यायची, झांजा वाजायला लागल्यावर नाही.

२२ सप्टेंबर : हिशेब आणि आजची स्थिती

दारं ५,२००, जाळी ६५०, पाइप-पट्टी ३८०, पत्रा १,१००, क्लीनर १,६५०, चावायच्या वस्तू आणि खेळणी २,१००, लसी आणि डॉक्टर ५,४००, बंड्याचं खाणं ६,८००, मोडतोड (दोन चार्जर, तीन जोड चपला, सोफ्याची कड) ४,२००. एकूण २७,४८० रुपये.

घरात शू गेल्या तीन आठवड्यांत एकदा. मोती परत ३१.६ वर. बंड्या १०.८ किलो.

राणी त्याला आता पिल्लू मानत नाही. साडेचार महिन्यांपर्यंत तिने जे चालवून घेतलं ते आता नाही, गुरगुर लवकर येते आणि ती योग्यच आहे. तो ऐकतो, दहापैकी सात वेळा मान वळवून निघून जातो. उरलेल्या तीन वेळांसाठी दोरी अजून हार्नेसलाच आहे.

काल त्याने ३२ इंची दार धावत येऊन ओलांडलं आणि थेट राणीच्या गोणपाटावर उतरला. फॅब्रिकेटर शनिवारी येतोय: दोन्ही दारं ४२ इंच करायची, वाढीव भागातही उभेच बार, दीड इंच अंतराने. तोपर्यंत बेडरूमचं लाकडी दार बंद.